टोमॅटोचं बूड काळं पडतंय, पण कॅल्शियम कमी आहे हे ठरवलं कुणी?

वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरची जमीन काळी, बरीचशी उसाखाली. त्यातल्या 15 गुंठ्यांत तीन वर्षांपासून रासायनिक खत बंद करून त्या भाजीपाला घेतात आणि दर आठवड्याला सांगलीत विश्रामबागेतल्या ओळखीच्या घरांना पोचवतात. यंदा उन्हाळी टोमॅटो लावला. पहिल्या घडातली निम्मी फळं बुडाला काळी, कडक आणि आत दबलेली निघाली. खालची पानंही पिवळी पडली आहेत, फक्त शिरा हिरव्या. मालकांनी कृषी सेवा केंद्रातून 480 रुपयांची ‘कॅल-मॅग’ची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमची, बाटली उधारीवर आणली, दुकानदार म्हणाला, शंभर टक्के सेंद्रिय आहे. मामंजी म्हणतात, चुन्याची निवळी घाला. पुतण्या मोबाइलवर बघून अंड्यांची टरफलं गोळा करतोय. शेजारच्या काकू ताक फवारायला सांगतात. ताई विचारतात: “बाटली मारली तर गिऱ्हाइकाशी खोटं बोलल्यासारखं होईल, नाही मारली तर पीक हातचं जाईल. करू तरी काय?” पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, की पाणी पाटाने आठवड्यातून एकदा देतात, रात्रीची वीज असते म्हणून, दर आठवड्याला गोमूत्र सोडतात, चुलीची राख सऱ्यांत टाकतात, आणि विहिरीचं पाणी असं आहे की बंबाला आतून पांढरा थर चढतो.

नमस्कार ताई,

बाटलीच्या लेबलाचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘एक औषध मारलं’ एवढंच असतं, आणि मग आम्ही अंदाज बांधत बसतो.

तुमच्या घरात चार मतं आहेत, पण एक गोष्ट सगळ्यांनी न बोलताच मान्य करून टाकलीय: कॅल्शियम कमी पडलंय आणि ते बाहेरून द्यायचंय. वाद आहे तो बाटलीतून, चुन्यातून, टरफलांतून की ताकातून, एवढाच. मला शंका आहे ती मुळातल्या गोष्टीचीच.

आधी एक काम करा. रानातली मूठभर सुकी माती बशीत घ्या आणि तिच्यावर चमचाभर व्हिनेगर ओता. कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू आली, मातीवर बुडबुडे उठले, तर तिच्यात मोकळा चुना आहे. नांगरटीत पांढरे खडे वर येत असतील तर हे करायचीही गरज नाही. ते चुनखडीचेच खडे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कृष्णाकाठच्या काळ्या रानांत हे ठिकठिकाणी दिसतं. अशा जमिनीत कॅल्शियमचा तुटवडा सहसा नसतो.

आता तो बंब. आतला पांढरा थर म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि थोडं मॅग्नेशियम, तापल्यावर खाली बसलेलं. हिशोबच करू. 15 गुंठे म्हणजे साधारण 1,500 चौरस मीटर. भरात आलेल्या उन्हाळी टोमॅटोला चौरस मीटरमागे रोज सरासरी 4 लिटर पाणी धरलं तर 6,000 लिटर होतं. बंबाला थर चढवणाऱ्या पाण्यात लिटरमागे 60 मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं तर ते काही जास्त नाही. म्हणजे रोजचं 360 ग्रॅम कॅल्शियम तुम्ही नुसत्या पाण्यातून देताय. बाटली अर्ध्या लिटरची, लेबलावर कॅल्शियम 5 टक्के. अख्खी बाटली रिकामी केलीत तरी 25 ग्रॅम. विहीर रोज फुकट जे देते, त्याच्या चौदाव्या हिश्श्यासाठी 480 रुपयांची उधारी झाली.

मग फळं का सडतायत? कोठीत धान्य आहे, पण ते आणून द्यायला माणूस नाही, अशी गत आहे. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर वर चढतं. जिथून पाण्याची वाफ जास्त होते तिकडे ते जास्त जातं, आणि वाफ होते पानांतून. फळाची साल गुळगुळीत, तिच्यातून पाणी फारसं उडत नाही. त्यामुळे उन्हाच्या तडाख्यात पानं सगळं ओढून घेतात आणि फळाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. बुडाला तर सगळ्यात शेवटी. त्यात एकदा पानात बसलेलं कॅल्शियम परत निघून फळाकडे जात नाही. म्हणूनच पानांवरची फवारणी फळाच्या कामाची नसते. कोवळ्या फळाच्या सालीवर थेंब पडला तर थोडंफार आत जातं, पण पानांच्या आड लपलेल्या फळावर थेंब पडणार किती?

फळ धरल्यापासूनचे पहिले दोन आठवडे नाजूक. तेव्हा फळ झपाट्याने फुगत असतं आणि नेमका तेव्हा पाण्यात खंड पडला की बुडाकडच्या पेशी ढासळतात. डाग तुम्हाला दिसतो नंतर, फळ लिंबाएवढं किंवा त्याहून मोठं झाल्यावर. आज दिसणारा काळा डाग हा मागच्या पंधरवड्यातल्या पाण्याचा हिशोब आहे.

तुमचा पाट आठवड्यातून एकदा. काळी जमीन. पहिले दोन दिवस रान चिंब, मुळ्यांना हवा नाही. मधले दोन-तीन दिवस वाफसा, तेवढ्यातच झाड नीट खातं-पितं. शेवटचे दोन दिवस रानाला भेगा. आणि काळ्या रानात भेग पडते तेव्हा बारीक तंतुमुळंही तुटतात. रात्री माती ओलसर असली तर मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि पानं शांत असल्याने फळाला त्यातला वाटा मिळतो. आठवड्याच्या शेवटच्या रात्री तुमच्या झाडाला ती संधीच मिळत नाही. शिवाय फुलोऱ्यात खोल खुरपणी केली किंवा भर लावताना मुळं कापली, तरी हेच होतं. तसं झालं होतं का, ते आठवून बघा.

आणि बाटलीला यश का येतं तेही सांगते. हा त्रास पहिल्या घडावर जास्त दिसतो. झाड वाढत असतं, मुळं अजून खोल गेलेली नसतात. पुढे मुळं पसरली की दुसऱ्या-तिसऱ्या घडापासून बऱ्याचदा आपोआप सुधारतं. नेमक्या त्याच सुमाराला शेतकरी फवारणी करतो. पुढची फळं चांगली निघतात आणि दुकानात जाऊन तो सांगतो, “काय रिझल्ट आहे!” दुकानदार खोटं बोलत नसतो, त्याने अशी पन्नास माणसं खरंच पाहिलेली असतात. न फवारलेली एक सरी मात्र कुणीच सोडलेली नसते.

तेव्हा पाण्याकडे वळू. 15 गुंठ्यांना ठिबक झालं तर उत्तमच, पण या हंगामात नाही झालं तरी बरंच काही करता येतं. आठवड्याचं पाणी दोन हप्त्यांत द्या, दर वेळी एकाआड एक सरी भिजवा. पाणी तेवढंच लागतं, पण झाडाची एक बाजू कायम ओली राहते. रात्री दोनदा उठायचं मालकांच्या जिवावर येईल, हे कळतं मला. म्हणून त्याआधी आच्छादन करा. उसाच्या घरात पाचटाला तोटा नाही. जाळण्यापेक्षा टोमॅटोच्या सऱ्यांत तीन-चार इंच थर द्या, खोडापासून वीतभर लांब. वाळवीवर नजर ठेवा. भेगा पडायच्या थांबल्या की पाळीत एक दिवस इकडेतिकडे झाला तरी चालतं.

वाफसा डोळ्यांनी बघू नका, वरची माती फसवते. पाचट बाजूला सारून चार-पाच बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला तर पाणी नको. गोळाच होत नसेल तर उशीर झालाय. हाताला चिकट लेप बसला तर दोन दिवस थांबा.

काळी पडलेली फळं झाडावर ठेवू नका, ती बरी होत नाहीत आणि नुसती झाडाची ताकद खातात. खराब भाग कापून उरलेलं फळ घरात चटणीला, साराला खुशाल वापरा. बुरशी चढली असेल तेवढं टाका. पुढच्या हंगामात लांबट जातीऐवजी गोल फळाची जात बघा, लांबट फळांत हा त्रास जास्त असतो.

आता पिवळी पानं. ही वेगळी गोष्ट आहे आणि इथे बाटली अगदीच निराधार नाही. खालची, जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडणं ही मॅग्नेशियमची खूण. मॅग्नेशियम झाडात हिंडतं-फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं. हेच पिवळेपण शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असतं तर मी लोह म्हटलं असतं, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह अडकून पडतं आणि आपल्याकडे ते फार दिसतं. वाचणाऱ्या इतरांनीही एवढं पक्कं लक्षात ठेवावं: औषध ठरवायच्या आधी पान वरचं की खालचं ते बघा.

पण मॅग्नेशियम तरी जमिनीत कमी असेल का? आपली काळी माती काळ्या बेसाल्टची झीज, तिच्यात ते मूळचंच असतं. मला संशय आहे तो तुमच्या राखेवर. चुलीच्या राखेत पालाश (पोटॅश) भरपूर, गोमूत्रातही आहे. मुळाच्या दाराशी पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकाच वेळी येतात आणि पालाशची गर्दी झाली की मॅग्नेशियम मागे रेटलं जातं. गोमूत्रातल्या नत्राचा अमोनिया होतो, तो कॅल्शियमच्याही आड येतो. शिवाय राख अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाची. तुमची जमीन आधीच त्या बाजूची. राख पूर्ण बंद करा. गोमूत्र फळधारणेच्या काळात निम्म्यावर आणा. सेंद्रिय आहे म्हणून कितीही घातलं तरी बाधत नाही, हा समज मला सगळ्यात जास्त पत्रांत भेटतो.

पिवळेपण वरच्या पानांकडे सरकत असेल तरच मॅग्नेशियम सल्फेट फवारा. लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम, ऊन उतरल्यावर. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा, बस. यात मॅग्नेशियम साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असतं आणि गंधकही मिळतं. पिवळी झालेली पानं हिरवी होतील अशी आशा ठेवू नका, नवी पिवळी पडायची थांबली की काम झालं. घड भरल्यावर अगदी तळाची दोन-चार पानं पिवळी पडणं तर टोमॅटोचा स्वभावच आहे, तेवढ्यासाठी पंप काढू नका. आणि मॅग्नेशियम सल्फेट कॅल्शियमच्या कुठल्या दाट द्रावणात मिसळू नका. दोन्ही दाट द्रावणं काचेच्या ग्लासात एकत्र करा, दुधाळ होतं आणि तळाला पांढरी भुकटी बसते. ते जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. नोझल बुजवायला पुरेसं.

फवारताना दोन सऱ्या कोऱ्या सोडा. काठीला फडकं बांधून ठेवा. घरातल्या वादाचा निकाल मी लावण्यापेक्षा त्या दोन सऱ्या लावतील.

आता तुम्हाला खरं खुपतंय ते. बाटली मारली तर खोटेपणा होईल का? लेबल बघा. कॅल्शियम 5 टक्के, मॅग्नेशियम 1 टक्का, आणि खाली बारीक अक्षरात नायट्रोजन 4 टक्के. कॅल्शियमच्या शेजारी एवढा नायट्रोजन बसलाय म्हणजे आत बहुधा कॅल्शियम नायट्रेट आहे. ते कारखान्यात बनलेलं नत्रखत आहे, द्राक्षबागेत राजरोस वापरतात, खत म्हणून चांगलंच आहे. पण सेंद्रिय शेतीत ते चालत नाही. पुढे ‘ईडीटीए’ (अन्नद्रव्य धरून ठेवणारं रसायन) असं लिहिलेलं दिसलं तर तेही कृत्रिमच. पुढच्या बाजूला हिरवं पान छापलंय, त्याला अर्थ नाही. सेंद्रिय शेतीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2001 पासून आहे, अपेडा ही केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था तो चालवते, आणि त्याच्या मानकांत काय चालतं याची यादी आहे. जिप्सम, चुनखडी, डोलोमाईट, मॅग्नेशियम सल्फेट ही खनिजं त्या यादीत आहेत, मात्र गरज असेल तेव्हाच आणि प्रमाणीकरण संस्थेला विचारून.

म्हणजे तुमची भीती अर्धी बरोबर आहे. दुकानातून आणलेली प्रत्येक गोष्ट सेंद्रियाच्या बाहेरची नसते, पण ही बाटली बहुधा बाहेरचीच आहे. तुमचं प्रमाणपत्र नाही, तुम्ही ओळखीवर थेट विकता, म्हणून तपासायला कुणी येणार नाही. तरीही माझं मत विचाराल तर ती फोडू नका. विश्रामबागेतल्या त्या घरांनी प्रमाणपत्र बघून नाही, तुम्हाला बघून टोमॅटो घेतलाय. मॅग्नेशियम सल्फेट फवारलंत तर टोपलीबरोबर तसं सांगा, ‘पानं पिवळी पडत होती म्हणून हे खनिज दोनदा मारलं’. कुणी परत पाठवणार नाही. फार तर दोन प्रश्न विचारतील. आणि उसाला तणनाशक मारायचा पंप टोमॅटोला वापरत असाल तर ते आधी थांबवा. बाटलीच्या वादात ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मालकांना तोंडघशी पाडायचं नाहीये. फोडलेली नाही तोवर बाटली परत न्यायची आणि त्याच दुकानातून मॅग्नेशियम सल्फेटची एक किलोची पिशवी घ्यायची, उरलेली रक्कम खात्यावर जमा. दुकानदाराचाही मान राहतो, खातंही मोडत नाही.

मामंजींचं म्हणणं चुकीचं नाही, तालुका चुकलाय. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या लाल मातीत पावसाने कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन जातं, जमीन आंबट होते, तिथे चुना हाच उपाय. तुमच्याकडे चुना म्हणजे भरल्या घागरीत पाणी. निवळी पानांवर तर मुळीच नको. तिचा सामू (pH) 12 च्या वर असतो, कोवळी पानं करपतील. एका टरफलात कॅल्शियम सुमारे 2 ग्रॅम, तेही तुमच्या रानातल्या खड्यांसारखंच कार्बोनेट. चुनखडीच्या जमिनीत विरघळणारच नाही. पुतण्याचा उत्साह मोडू नका, टरफलं कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ द्या. लिटरभर ताकात कॅल्शियम जेमतेम ग्रॅमभर. काकूंना सांगा, उन्हाचं ताक पिऊन टाकलेलं बरं.

एक शक्यता उरते, तिच्यासाठी मात्र माती तपासावी लागेल. वाळवा, पलूस, मिरज या भागांत बरीच रानं क्षारपड झालीयत. पाणी देऊन आठवडा झाला की वर पांढरी खपली येते का? की उलट, जमीन भिजली की चिकट आणि वाळली की दगड होते? पहिल्या प्रकारात क्षारांमुळे मुळांना पाणीच ओढता येत नाही. तिथे निचरा हवा. दुसरी चोपण, तिथे सोडियमने कॅल्शियमला हुसकावलेलं असतं आणि जिप्सम खरोखर लागतं, कारण ते सामू न वाढवता कॅल्शियम देतं. मात्र निचरा नसेल तर जिप्समही वाया. कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत नमुना द्या. सातारकरांना बोरगाव आणि कालवडे इथली कृषी विज्ञान केंद्रं जवळ. माती परीक्षणात सामू, विद्युतवाहकता, मुक्त चुना आणि सोडियम मागून घ्या, नाहीतर नत्र-स्फुरद-पालाशावर बोळवण होते. विहिरीच्या पाण्याची बाटलीही सोबत न्या. अहवालात आकडे मिलि-इक्विव्हॅलंटमध्ये असतील तर कॅल्शियमला 20 ने आणि मॅग्नेशियमला 12 ने गुणा, लिटरमागचे मिलिग्रॅम मिळतील. मग वरचा हिशोब माझ्या अंदाजावर न राहता तुमच्या पाण्यावर मांडता येईल.

ज्यांची जमीन वेगळी त्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या कोवळ्या पानांचे शेंडे करपतात, तेही कॅल्शियमच पोचत नसल्याचं लक्षण. पण तिथे जमीन आंबट असल्याचं अहवालात आलं तर लागवडीच्या आधी डोलोमाईट घालण्यात अर्थ आहे, त्यातून दोन्ही मिळतात. मात्रा अहवालावरूनच ठरवा, शेजाऱ्यावरून नको.

आणि सांगली-साताऱ्यात गच्चीवर कुंड्या लावणारे विचारतात, आम्हालाही बाटली नको का? तुम्ही नुसत्या कोकोपीटमध्ये झाडं वाढवत असाल आणि आरओचं पाणी घालत असाल, तर कमतरता खरी असू शकते. कोकोपीट स्वतःच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि पालाश-सोडियम सोडतं. आरओने पाण्यातलं होतं तेही काढून घेतलेलं असतं. निम्मी चांगली माती आणि कंपोस्ट मिसळा, साधं नळाचं पाणी द्या, 10 लिटरच्या कुंडीला एक-दोन चमचे जिप्सम मातीत मिसळा. खालची पानं पिवळी दिसली तर 5 लिटर पाण्यात चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट, महिन्यातून एकदा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी वापरायचं असेल तर निम्मं साधं पाणी मिसळून वापरा, आणि रोज त्याच कुंडीला नको. त्यात कॅल्शियमबरोबर सोडियमही साठून आलेलं असतं.